हालाँगचा जलविहार

समुद्र पाहावयाचा, तर मराठी माणसास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. डहाणूपासून तेरेखोलपर्यंत तो आपल्या अंगणांतच आहे. गुहा पाहावयाच्या, तर वेरूळ-कार्ल्याचीं लेणीं हाकेच्या अंतरावर आहेत. असें असतां व्हिएतनाम देशांतील हालाँग उपसागर पाहण्यासाठीं इतका खर्च करून जावें काय, असें कोणीं विचारिलें तर ‘अवश्य जावें’ असेंच उत्तर आम्ही देऊं. मात्र तेथें काय पाहावें आणि कोणत्या वृत्तीनें पाहावें, हे प्रश्न त्याबरोबर उलगडले पाहिजेत. मुंबईहून हानोईस २०२२ सालापासून थेट विमानें जाऊं लागलीं, आणि तेथील दिवसभराच्या श्रीमंती जलविहाराचीं चित्रें घरोघरीं पोंचलीं. त्यामुळें हा विचार आतां केवळ हौशी प्रवाशांपुरता राहिलेला नाहीं. गेल्या कार्तिकांत आमच्या कुटुंबांतील सात माणसें हा विहार करून आलों. त्यांत सर्वांत वडील ७६ वर्षांच्या आत्याबाई आणि सर्वांत धाकटा ९ वर्षांचा आमचा पुतण्या. त्या एका दिवसांत जें पाहिलें व मनांत आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हालाँग हें व्हिएतनामच्या ईशान्य किनाऱ्यावर, टोंकिनच्या आखातांत आहे. हानोईहून तें सुमारें १६० किलोमीटर असून नव्या द्रुतगति मार्गानें मोटारीस अडीच तास पुरतात. सकाळीं निघालें कीं मध्यान्हापूर्वीं त्वान चाव बंदरावर पोंचतां येतें आणि रात्रीं हानोईस परततां येतें. एका दिवसाचा विहार त्यामुळेंच शक्य झाला आहे. नांवाचा इतिहासहि मोठा गोड आहे. १०१० सालीं ली थाय तो या राजानें आपली राजधानी आजच्या हानोईच्या जागीं आणिली व तिला थांगलाँग, म्हणजे ‘वर चढणारा ड्रॅगन’, असें नांव दिलें. हालाँग म्हणजे ‘खालीं उतरणारा ड्रॅगन’. शत्रूचीं जहाजें चालून आलीं असतां एक ड्रॅगन-माता पिलांसह आकाशांतून उतरली व तिनें मुखांतून रत्नें फेंकलीं. त्यांचीं बेटें झालीं आणि शत्रूचीं गलबतें त्यांवर आदळून फुटलीं, अशी तेथील लोककथा आहे. सरकारी मोजदादीप्रमाणें हीं बेटें १९६९ असून तीं १५५३ चौरस किलोमीटर क्षेत्रांत पसरलीं आहेत. युनेस्कोनें १९९४ सालीं या उपसागराचा जगाच्या वारशांत समावेश केला.

आमची नौका तीन मजल्यांची होती. खालीं भोजनगृह, मध्यें गाद्यागिरद्यांची बैठक, आणि सर्वांत वर उघडी गच्ची. गच्चीवर आरामखुर्च्या मांडलेल्या, आणि एका कोपऱ्यांत कोमट पाण्याचें कुंड. पाऊल ठेवतांच सेवकांनीं गार, सुवासिक टुवाल व फळांचा रस पुढें केला. भोंवतालच्या नौका बहुतेक शुभ्र दिसत होत्या. पूर्वीं त्या लाकडाच्या तपकिरी रंगांत असत. २०१२ सालीं स्थानिक अधिकाऱ्यांनीं त्या पांढऱ्या रंगविण्याचा हुकूम काढिला, असें वाटाड्यानें सांगितलें. पहिला तासभर गंमत अशी झाली कीं, बेटें दोन्ही बाजूंनीं सरकूं लागलीं होतीं, आणि उतारूंपैकीं बहुतेक मंडळी जेवणाच्या थाळ्यांचीं छायाचित्रें घेण्यांत गढलेलीं होतीं. आमचा पुतण्याहि कुंडांतून बाहेर येईना.

भोजनाविषयीं आमच्या वाचकांस चार शब्द सांगणें अवश्य आहे. तेथील पाकशाळेंत मासळी आंबवून केलेला एक पातळ रस सर्रास वापरतात, आणि तो नुसत्या पालेभाजींतहि असूं शकतो. यास्तव ‘मांस नको’ एवढें सांगून भागत नाहीं. त्यांच्या भाषेंत ‘चाय’ असा एक शब्द आहे. हिंदी चहासारखा तो ऐकूं येतो. पण त्याचा अर्थ बौद्धांचें शाकाहारी अन्न. तेथील पुष्कळ बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या तिथीस असें अन्न सेवन करितात; आपल्या उपवासाच्या तिथींची आठवण यावी अशीच ही चाल आहे. तिकिट घेतांनाच तो शब्द लिहून दिल्यामुळें आमच्यासाठीं भात, टोफूची भाजी, अळंबीं व फळें निराळीं आलीं आणि आत्याबाईंचें जेवण निःशंक झालें.

जेवण आटोपून आम्ही गच्चीवर आलों तेव्हां नौका बेटांच्या ऐन गर्दींत शिरली होती. हीं बेटें आपल्या ओळखीच्या बेटांसारखीं नव्हेत. एकेक कडा पाण्यांतून सरळ उभा राहतो. पन्नास, शंभर मीटर, क्वचित् त्याहूनहि उंच. माथ्यावर झुडपांची दाट हिरवळ आणि अंगावर करड्या, पिवळसर दगडाच्या उभ्या रेघा. सह्याद्रीच्या लेंकरांना हा दगड समजून घेण्यास थोडा प्रयत्न लागतो. आपला काळा कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. तो झिजतो, फुटतो, परंतु पाण्यांत विरत नाहीं. हालाँगचा दगड चुनखडक आहे. सुमारें तीस कोटी वर्षांपूर्वींच्या उथळ समुद्रांत जे असंख्य जीव जगले, त्यांच्या शंख-शिंपल्यांचे थरांवर थर सांचून तो बनला. पुढें भूमीच्या हालचालींनीं तो वर आला, आणि पाऊस त्यावर पडूं लागला. पावसाच्या थेंबांत हवेंतील व मातींतील कर्बाम्लवायु मिसळला कीं त्यास किंचित् आंबटपणा येतो. तेवढा आंबटपणा चुनखडकास विरघळविण्यास पुरतो. फटींच्या घळी झाल्या, घळींचीं खोरीं झालीं, आणि मध्यें उरले ते सुळके. शेवटच्या हिमयुगांत हें सारें कोरड्या जमिनीवर होतें. बर्फ वितळून समुद्र चढला, तो कांहीं हजार वर्षांपूर्वीं या खोऱ्यांत शिरला, आणि डोंगरांचीं बेटें झालीं. म्हणजे आमची नौका तरंगत होती ती एका बुडालेल्या डोंगराळ मुलुखावरून, हें ध्यानांत आल्यावर पाण्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटली.

पहिला मुक्काम सुंग सोत गुहेचा. नांवाचा अर्थ ‘आश्चर्याची गुहा’. समुद्रापासून सुमारें पंचवीस मीटर वर पायऱ्या चढून गेलें कीं तोंड लागतें, आणि आंत अर्धा किलोमीटर वाट आहे. पहिलें दालन नाटकगृहासारखें, दुसरें त्याहून कितीतरी विशाल. वेरूळास कैलासापुढें उभें राहिलें असतां मनांत प्रथम येतात ते टांकी चालविणारे हात. येथें हात नाहींत. झिरपणाऱ्या पाण्यानें एका बाजूनें दगड विरविला आणि दुसऱ्या बाजूनें तोच चुना थेंबाथेंबानें खालीं आणून त्याचे स्तंभ उभारिले. कांहीं स्तंभ छतांतून लोंबतात, कांहीं जमिनींतून उगवतात, आणि कोठें कोठें दोन्ही भेटून खांब होतो. विध्वंस आणि रचना हीं एकाच थेंबाचीं कामें आहेत, हें येथें डोळ्यांनीं दिसतें. मात्र गुहेंत रंगीत दिवे लाविले आहेत, आणि वाटाडे प्रत्येक दगडांत कासव, हत्ती अथवा देवता दाखवितात. आम्ही जरा मागें रेंगाळलों, घोळका पुढें जाऊं दिला, आणि दोन मिनिटें नुसतें टपटपणारें पाणी ऐकिलें. ती दोन मिनिटें आम्हांस सर्व रोषणाईहून मोलाचीं वाटलीं.

पुढचें बेट तीतोप. सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव्ह १९६२ सालीं हो ची मिन्ह यांच्यासह येथें आला होता. त्याच्या नांवावरून बेटाचें हें नांव पडलें. शिखरावर जाण्यास चारशेंहून अधिक पायऱ्या आहेत. मुलें व तरुण मंडळी चढून गेलीं. वरून बेटांची रांगामागून रांग दिसते, आणि तें दृश्य खरोखरच अवर्णनीय आहे. आत्याबाईंचे गुडघे दुखरे. त्या नौकेवरच खुर्ची टाकून बसल्या. मंडळी परतून वर्णनें करूं लागली तेव्हां त्या शांतपणें म्हणाल्या, “तुम्हीं वरचें पाहिलेंत, मीं खालचें पाहिलें. पाणी केवढें उतरलें पाहा.” आम्हीं समोरच्या कड्याकडे पाहिलें. पाण्याच्या रेषेवर कड्याचा पायथा आंत खोल खाल्लेला होता, आणि दुपारीं जी खांच अर्धी बुडालेली होती ती आतां सबंध उघडी पडून तिच्या छताला चिकटलेल्या कालवांची पांढरी किनार दिसत होती. नदीच्या घाटाची पायरी झिजते तशी ही खांच समुद्रानें व दगड पोखरणाऱ्या जीवांनीं कोरिली आहे. आपल्या कोंकणांत भरती दिवसांतून दोनदां येते. टोंकिनच्या आखातांत बहुधा एकदांच, आणि पाणी तीन-चार मीटरपर्यंत चढतें-उतरतें. याच ओहोटीच्या बळावर १२८८ सालीं त्रान हुंग डाव या सेनापतीनें जवळच्याच बाख डांग नदींत मंगोलांचें आरमार बुडविलें. भरतीच्या वेळीं त्यानें तें आंत ओढून घेतलें, आणि पाणी उतरतांच नदींत रोंवलेल्या अणकुचीदार खांबांवर तीं जहाजें अडकलीं. श्रीमंती नौकेच्या आरामखुर्चीचा खरा उपयोग कोणता, हें आत्याबाईंनीं त्या दिवशीं आम्हांस दाखवून दिलें. ज्या वयांत डोंगर चढवत नाहीं त्या वयांतहि चार तास स्थिर बसून पाहतां येतें, ही त्या सुखसोयीची थोरवी.

लुओन नांवाच्या गुहेपाशीं नौका सोडून वेताच्या लहान होड्यांत बसावें लागतें. कमानीखालून आंत गेलें कीं चहूंबाजूंनीं कडे आणि मध्यें निश्चल हिरवें पाणी. आमची होडी शंक्वाकृति टोपी घातलेली एक मध्यमवयीन बाई वल्हवीत होती. वाटाड्याच्या मार्फत कळलें कीं तिचा जन्म पाण्यावरचाच. या उपसागरांत तराफ्यांवर घरें बांधून मासेमारी करणारीं गांवें पिढ्यान्‌पिढ्या होतीं. कुआ वान हें त्यांतलें एक प्रसिद्ध गांव. २०१४ सालीं सरकारनें तीनशेंहून अधिक कुटुंबांस तेथून उठवून किनाऱ्यावर वसविलें. वादळांचें भय, मुलांचें शिक्षण आणि पाण्याची घाण हीं त्याचीं कारणें; त्यांतील एकहि खोटें नव्हे. परंतु ज्या लोकांस जमिनीवरचा धंदा ठाऊक नाहीं, त्यांस जमीन दिल्यानें पोट भरतेंच असें नाहीं. म्हणून त्यांपैकीं कित्येक रोज सकाळीं पाण्यावर येतात आणि पाहुण्यांच्या होड्या वल्हवितात. आत्याबाईंनीं तिला जुन्या घराविषयीं विचारिलें. वादळाच्या रात्रीं तें घर आठवत नाहीं, एरवीं रोज आठवतें, अशा अर्थाचें कांहींसें ती बोलली, आणि हंसली. उतरतांना आत्याबाईंनीं तिचा हात कांहीं वेळ हातांत धरून ठेविला.

वादळाची गोष्ट केवळ बोलण्यापुरती नाहीं. सप्टेंबर २०२४ मधील यागी नामक चक्रीवादळांत तेथील अनेक पर्यटक-नौका बंदरांतच बुडाल्या. १९ जुलै २०२५ रोजीं अचानक उठलेल्या तुफानांत एक नौका उलटून तीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं; त्यांत मुलेंहि होतीं. म्हणून कुटुंबें घेऊन जाणाऱ्यांनीं जून ते सप्टेंबर हे महिने टाळावे, ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. बंदर-अधिकाऱ्यांनीं विहार रद्द केला तर पैशाकरितां वाद न घालतां दुसरें कांहीं पाहावें, आणि लाइफ-जॅकेट शोभेचें नव्हे हें मुलांस घरींच शिकवून ठेवावें.

सायंकाळीं परततांना सूर्य कड्यांमागें उतरला आणि पाण्याचा रंग प्रथम सोन्यासारखा व मग शिसासारखा झाला. दूर होन गायच्या बाजूस कोळशाचा प्रदेश आहे. फ्रेंचांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें खाणी सुरू केल्या, आणि त्या धंद्याचीं जहाजें आजहि या सौंदर्याच्या कडेनें ये-जा करितात. किनाऱ्यावर समुद्र बुजवून नव्या इमारती उठत आहेत. प्लास्टिकच्या एकदांच वापरण्याच्या वस्तूंना उपसागरांत २०१९ पासून बंदी आहे. तरीहि एका खडकाच्या खांचेंत अडकलेली बाटली आमच्या पुतण्यानेंच प्रथम दाखविली. कुंडांतून न निघणारा हाच तो मुलगा. दिवसाच्या अखेरीस तो कठड्याशीं उभा राहून बाटल्या मोजीत होता, आणि दर बाटलीगणिक ‘ही कोणी टाकली?’ असें विचारीत होता.

या प्रश्नास आम्हांजवळ उत्तर होतें, पण तें त्यास सांगणें सोपें नव्हतें. पाऊस, समुद्र आणि वारा या तीन शक्तींनीं हा उपसागर घडविला. चौथी शक्ति आतां पाहुण्यांची आहे, आणि तिला कोट्यवधि वर्षांचा अवधि लागत नाहीं. म्हणून श्रीमंती नौकेंतून जाणें वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. वृद्धांस, आजाऱ्यांस, लेंकुरवाळ्या स्त्रियांस ती नौका नसती तर हें दर्शन घडलेंच नसतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, थाळीपेक्षां कड्याकडे अधिक पाहावें, वल्हविणाऱ्या हातास योग्य मोबदला द्यावा, आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा, आणि मुलांनीं विचारिलेल्या प्रश्नांचीं उत्तरें टाळूं नयेत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस जाणें शक्य असेल त्यांनीं घरांतील वडील माणसांस बरोबर न्यावें. तीं चढतील थोडें, पण पाहतील पुष्कळ.