पारसिकच्या अंगाखांद्यावरून

कळव्याहून मुंब्र्याकडे निघालें, कीं पारसिकचा डोंगर आडवा येतो. आगगाडीनें १९१६ सालीं सुमारें १.३ किलोमीटरचा बोगदा पाडून त्याच्याशीं समेट केला. न्हावाशेव्याच्या बंदरांतून भिवंडीकडे निघालेल्या ट्रेलरांना मात्र मुंब्रा बायपासनें डोंगराची कडा धरूनच जावें लागतें.

चढावर ओढणाऱ्या गाडीचा कस लागतो, हें कोणासही दिसतें. खरी धास्ती उताराची! मागचा बोजा पुढच्या गाडीस ढकलूं लागतो, आणि चालकानें केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली, तर ते तापून निकामी होतात. म्हणून जाणता चालक उतार लागण्यापूर्वींच खालचा गियर टाकून इंजिनाकडूनच वेग आवरून घेतो. वळणावर पुढची गाडी एकाएकीं अडखळली, तर दोन्ही अडकित्त्यासारख्या मिटतात. असाच एक ट्रेलर आम्हीं पाहिला. तो पावलापावलानें उतरत होता व मागील मोटारवाले भोंगे वाजवून त्याला भंडावीत होते. त्या घाईचा आम्हांस मनस्वी राग आला. चालक मात्र ढिम्म!

पिकअपमागें जनित्राची ट्रॉली जोडणाऱ्या गृहस्थांसही हाच नियम. शिवाय त्यांनीं ओझें ट्रॉलीच्या चाकांच्या किंचित् पुढें रचावें. एकंदर वजनाचा दहावा हिस्सा तरी जोडावर यावा. मागें रचलें, कीं ट्रॉली शेपटासारखी वळवळूं लागते.

२०१८ सालीं हा रस्ता दुरुस्तीसाठीं कांहीं महिने बंद होता. तेव्हां हींच अवजड वाहनें ठाणें-ऐरोलीच्या रस्त्यांवर उतरलीं आणि घरोघरचीं कचेरीस जाणारीं माणसें तासन्‌तास खोळंबलीं.