शिळा चेक

आमच्या बँकेत चेक तीन महिन्यांनी शिळा होतो. मश्रूमच्या पाकिटाला फ्रिजमध्येसुद्धा आठवडा म्हणजे डोक्यावरून पाणी. सौ.ना हा हिशेब मंजूर नाही. ‘अहो, चांगलं साठ रुपयांचं पाकीट! थोडे बुळबुळीत झाले म्हणून काय झालं? धुऊन मसाल्यात खळखळून उकळते.’ आता काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही, हे घरात सांगणार कोण? मी सांगितलं. वर हेही ऐकवलं, की मश्रूम तोडल्यावरही श्वास घेतात; पाकिटाला बारीक भोकं असतात ती त्यासाठीच. हवाबंद केलं तर आतला प्राणवायू संपतो आणि बॉट्युलिझमच्या जंतूंचं फावतं. (सौ. त्या भोकांवर चिकटपट्टी लावतात.) त्यांनी पाकीट हुंगलं, नाक मुरडलं आणि कचऱ्यात टाकत म्हणाल्या, ‘मग उद्या तुमच्या डब्याला दोडकाच!’