कपाटाच्या चार मुठी

हिद्दच्या आमच्या घरातील जुन्या कपाटाच्या चार मुठी तुटल्या. घरीच करू, असे आम्ही बापलेकीने ठरवले. सागाचा चार सेंटिमीटरचा गोल तुकडा बोटांत धरून राउटरला लावला मात्र, पात्याने तो हिसकावून भिंतीवर भिरकावला! बोटे वाचली ती नशिबाने. लेक दारातूनच म्हणाली, "बाबा, नको ना आता!"

मशीन बंद केले. सावंतवाडीच्या चितारआळीतील खेळणी करणारा कातारी आठवला. फिरते लाकूड तो हातात धरत नाही. ते यंत्रात घट्ट असते. मग आम्हीही जिग केले. मुठीला मागून स्क्रूचे भोक लागतेच. त्याच भोकातून तुकडा तीस सेंटिमीटरच्या प्लायवूडखाली आवळला, फिरू नये म्हणून शेजारी खिळा ठोकला, दोन टोकांना धरायला दांडे लावले. आता पाते फळीखाली आणि हात दूर. डोळ्यांना चष्मा, आणि तुकडा पात्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकवायचा.

चारही मुठी झाल्या. पॉलिश लेकीने केले. ऑफिसात प्रोग्राम चुकला तर आम्ही दुरुस्त करून पुन्हा चालवतो. बोटाचे तसे नसते. म्हणून मुलांनो, आधी जिग, मग मशीन!