रूळ रुंद झाले, पण…

नोकरी एका गावी आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी, असा ज्यांचा प्रपंच असतो त्यांना आमच्या वऱ्हाडात 'अपडाऊनवाले' म्हणतात. मुंबईकरांना यात नवल वाटायचे नाही. त्यांच्याकडे १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि घर व कचेरी यांच्यामधले अंतर मंडळी मिनिटांत मोजू लागली. आमचे डोंबिवलीचे मेहुणे प्रथम वाशिमला आले, तेव्हा फलाटावर उतरताच त्यांनी विचारले, "भाऊजी, यानंतरची गाडी किती मिनिटांनी?"

मी म्हटले, "आधी घरी चला, जेवा, वामकुक्षी करा. मग तिचा विचार करू!"

मेहुणे हसले. पण मोजक्याच गाड्यांच्या स्टेशनावर एकेका गाडीचे मोल किती असते, हे त्यांना कसे कळावे?

वाशिम गाव फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. आगगाडी मात्र इथे उशिरा आली. पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रूळ निजामाच्या अमदानीतच आले होते. हिंगोलीपासून खांडव्यापर्यंतचा दुवा स्वातंत्र्यानंतर सांधला गेला, आणि उत्तरेची मीटरगेज दक्षिणेच्या मीटरगेजला भेटली. जयपूर आणि हैदराबाद जोडणारी मीनाक्षी एक्स्प्रेस मग आमच्या दारावरून जाऊ लागली.

दुखणे एवढेच, की आमच्या रुळांतले अंतर एक मीटर आणि मुंबई-नागपूर मार्गाचे १६७६ मिलिमीटर. मुंबईला जायचे म्हणजे अकोल्याला वळकटी, पेटी, लोणच्याची बरणी आणि मुले मोजून खाली घ्यायची, की चालले दुसऱ्या गाडीकडे! आई विचारायची, "काय रे, या दोन रुळांत भाऊबंदकी आहे का?"

ती भाऊबंदकी २००८ साली मिटली. पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याआधी १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला होता. कचेऱ्या इकडे आल्या. कारकून-मास्तरांची बिऱ्हाडे मात्र मुलांच्या शाळांसाठी पुष्कळदा अकोल्यातच राहिली. मीही त्यांतलाच एक. आमच्या डब्यात भजने होत, भाजीची देवाणघेवाण होई, क्वचित सोयरीकही जुळे.

वाटेत जऊळक्याला एक मुलगी चढायची. वाशिमच्या कॉलेजात शिकत होती. वडिलांनी परवानगी दिली होती ती एका अटीवर: दिवेलागणीला घरात पाऊल पडले पाहिजे. संध्याकाळी गाडी सुटेपर्यंत आम्ही सारे घड्याळाकडे पाहत असू ते स्वतःसाठी थोडे आणि तिच्यासाठी अधिक. तीन वर्षांनी तिने पेढे वाटले. तो पेढा तिच्या बुद्धीचा खराच. पण त्यातली चिमूटभर साखर त्या संध्याकाळच्या गाडीची होती, असे मला आजही वाटते.

आता वाशिमचे नाव अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत आहे. स्टेशनाचे रूप पालटावे, म्हाताऱ्यांना बसायला बाक आणि उन्हात सावली मिळावी, हे कोणाला नको आहे? पण विकास नुसत्या कमानीने मोजू नये. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी आपल्या ताटावर येऊन बसतो का, हे आधी विचारावे.

रुळांची रुंदी वाढली तशी एक वाट तुटलीही. २०१७ च्या आरंभी अकोला-खांडवा मीटरगेज बंद झाली. अकोटपर्यंत २०२२ साली ब्रॉडगेजवरून गाडी पुन्हा धावू लागली. पुढची जुनी वाट मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून जाणारी, म्हणून रुळांनी वळसा घ्यावा असे ठरले. मला ते पटते. वाघाचे घर वाघाला असू द्यावे. आपण थोडी कळ सोसू. मात्र खांडवा गाठेपर्यंत या मार्गाचे काम अर्धेच झाले, हे विसरू नये.

मोठ्या शहराला जोडणारी गाडी हवीच. पण जी गाडी जऊळक्यासारख्या गावी थांबते, तिच्यावर कोणाची नोकरी, कोणाची परीक्षा आणि कोणाचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते. वेळापत्रक आखणाऱ्यांनी तिच्या रकान्यावर बोट ठेवताना एवढे मनात आणावे.