मोरसचा धक्का

आमची आजी साखरेला कधी साखर म्हणाली नाही. ती मोरस म्हणायची. चहात मोरस, लाडवात मोरस, परीक्षेला निघालेल्या नातवंडाच्या तळहातावर दह्याबरोबर चिमूटभर मोरस. गूळ घरचा, मोरस वाण्याकडची. मॉरिशसहून मुंबई बंदरात उतरणाऱ्या पांढऱ्या साखरेला हे नाव पडलं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आजीला ते शेवटपर्यंत माहीत नसावं. तिच्या लेखी मोरस हा देश नव्हताच, डब्यातली चव होती.

डिसेंबरात मॉरिशसला निघाले, तेव्हा डोक्यात तो डबा होता.

मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तास, आणि उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, राजधानी पोर्ट लुई वायव्येला. वाटेत ऊस, दोन्ही बाजूंना नुसता ऊस. आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, काही तर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले, घराएवढे उंच. जमीन लागवडीला यावी म्हणून मजुरांनी हातांनी वेचून रचलेले ते दगड. मी रत्नागिरी जिल्ह्यातली, कातळ मला परका नाही. पण हा कातळ खरोखरच आपला सोयरा निघाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून दख्खनचा लाव्हा उसळला आणि सह्याद्री घडला, त्याच जागेने पुढे कितीतरी काळाने हे बेट उभं केलं. आज ती जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगते आहे.

पोर्ट लुईला तिथले लोक पोर्लुई म्हणतात. मेट्रोतून उतरले, तर गुरुजी फलाटावर उभे. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेले. त्यांची ओळख पत्रांतून झालेली. सोबत त्यांची नऊ वर्षांची नात होती. तिथे तेव्हा शाळेला सुट्टी असते. "या ताई, प्रवास सुखरूप झाला ना?" हे त्यांनी अगदी पुस्तकातल्या मराठीत विचारलं आणि लगेच नातीशी तिथल्या क्रिओल भाषेत बोलू लागले. त्यांच्या तोंडची मराठी जपून कपाटात ठेवलेल्या शालूसारखी होती, घडी न मोडलेली.

"आधी कोदांला जाऊ," ते म्हणाले. "पाहुण्याला आम्ही आधी पाणी दाखवतो."

कोदां म्हणजे पोर्ट लुईचा कोदां वॉटरफ्रंट. बंदराच्या या कडेला पूर्वी गोदी आणि गोदामं होती. साखरेची पोती इथल्या हमालांच्या पाठीवरून बोटींत जायची. १९८० साली साखर मोकळीच, पट्ट्यांवरून थेट जहाजात भरणारं टर्मिनल झालं आणि पोत्यांचं काम संपलं. मग १९९६ साली या काठावर दुकानं, उपाहारगृहं, सिनेमा, कॅसिनो, हॉटेल, शिडाच्या होड्यांचा तळ असं सगळं उभं राहिलं. खाली काळा फरसबंद दगड. एका गल्लीवर रंगीबेरंगी छत्र्यांचं छत टांगलेलं, त्यांच्या सावल्यांखाली मुलं फोटो काढत होती. मागे वळलं की शहराच्या डोक्यावर डोंगर: एक अंगठ्यासारखा ल पूस, आणि दुसरा पीटर बोथ, ज्याच्या सुळक्यावर माणसाच्या डोक्यासारखा एक धोंडा तोललेला आहे. गुलमोहर ऐन भरात होता. डिसेंबरात गुलमोहर पाहून माझं कॅलेंडर पार विस्कटलं.

खरं सांगते, अशा गुळगुळीत धक्क्यांबद्दल माझ्या मनात अढी होती. माझा धक्का म्हणजे भाऊचा धक्का. मासळीचा वास, बर्फाचं पाणी, रेवसच्या लाँचसाठी धावाधाव. धक्क्यावर माणूस कामाला येतो, उगाच फिरायला नाही, असं मनात घट्ट बसलेलं. ही अढी दिवसभरात कशी सुटली, तेच सांगायचं आहे.

कोदांतच ब्लू पेनी म्युझियम आहे. १८४७ साली मॉरिशसने छापलेली दोन तिकिटं तिथे आहेत, एक नारिंगी एका पेनीचं, दुसरं निळं दोन पेन्सचं. त्यावर व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आणि कडेला 'पोस्ट ऑफिस' ही अक्षरं. जोसेफ बर्नार्ड नावाच्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर ती कोरली. प्रत्येकी पाचशे छापली होती, आज दोन्ही मिळून जगात तीससुद्धा उरलेली नाहीत. ही जोडी १९९३ साली इथल्या बँकेने आणि उद्योगांनी मिळून परत विकत आणली. रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवर तासातून मोजकी मिनिटंच दिवा लागतो. आम्ही अंधाऱ्या खोलीत वाट पाहत थांबलो. दिवा लागला. बोटाच्या पेराएवढा निळा कागद, कडा हाताने कापलेल्या, राणीच्या मानेमागच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. गव्हर्नरच्या पत्नीने, लेडी गॉमने, नाचाच्या मेजवानीच्या निमंत्रणांवर ही तिकिटं लावली होती.

"त्याच वर्षांत आमचे लोक मजूर म्हणून येत होते," बाहेर पडताना गुरुजी म्हणाले. "पण त्यांना पत्र कोण पाठवणार? आणि लिहिणार कोण?"

शहरात जायला हमरस्त्याखालून भुयारी वाट आहे. तिथे गुरुजींनी नातीचा हात धरला. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत अचानक पूर आला, अकरा माणसं गेली. त्यांतली काही याच भुयारात अडकून बुडाली. गुरुजी एवढंच बोलले आणि पुढे पलीकडच्या उन्हात पोचेपर्यंत गप्प होते. वर प्लास दार्म, म्हणजे ताडांच्या दोन उंच रांगांमधला चौक. समुद्राकडे तोंड करून फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने उभा आहे, ज्याने १७३५ पासून हे बंदर वसवलं.

बाजाराजवळ डाळपुरीच्या गाडीपाशी रांग होती. ही तिथली खरी न्याहारी आणि खरं जेवणही. शिजवलेली डाळ भरडून पिठात भरायची आणि कागदासारखी पातळ पुरी लाटून तव्यावर भाजायची. दोन पुऱ्या एकीवर एक, त्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा, कोथिंबिरीची चटणी, लोणचं. मग गुंडाळी करून कागदात. पहिला घास घेतला आणि म्हटलं, "अहो, ही तर बिनगुळाची पुरणपोळी!" विकणाऱ्या बाईंना गुरुजींनी ते क्रिओलमध्ये सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता आणखी एक जोडी हातात ठेवली. वर आलूदा प्यायलो: थंड दूध, सब्जा, चायना ग्रासच्या लडी.

तिथून पाच-दहा मिनिटांवर आप्रवासी घाट, मजुरांना उतरवून घेण्याचा जुना डेपो.

१८३४ साली इंग्रजांनी गुलामगिरीला पर्याय म्हणून करारावर मजूर आणायचं ठरवलं. त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस जण आले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढच्या काळात जवळजवळ पाच लाख माणसं या बंदरात उतरली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांमधून. मुंबईच्या बोटींत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं होती. १८४९ पासून त्यांना या डेपोत उतरवून घेत. निदान दोन दिवस इथे ठेवत, नोंदी करत, मग मळेवाले घेऊन जात. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. हमरस्त्याने डेपोचा बराच भाग गिळलेला आहे. उरलेत ते काळ्या दगडाचे ओटे, चुलीच्या जागा, पाण्याच्या मोऱ्या. आणि पाण्याकडून वर येणाऱ्या पायऱ्या.

त्या पायऱ्या फार थोड्या आहेत. घाट म्हटल्यावर मी नाशिक, वाई असं काही मनात धरलं होतं. या तर आमच्या गावच्या विहिरीच्या पायऱ्यांएवढ्या. मधल्या पायरीचा कोपरा गोल झिजलेला. तिथे वाकून हात लावला, दगड उन्हाने तापलेला होता.

गुरुजींच्या पणजोबांची नोंद मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तरात सापडली. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जहाज, जिल्हा रत्नागिरी, आणि एक क्रमांक. फोटो नाही, कारण फोटो काढायची पद्धत १८६० नंतरच्या दशकातली. पणजोबांचं पाळण्यातलं नाव कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलं गेलं. तेच आज गुरुजींचं आडनाव आहे. "गाव कोणतं ते नीट वाचता येत नाही," ते म्हणाले. "ताई, तुम्ही वाचून पाहाल?" त्यांनी मोबाईलवरचा फोटो दाखवला. इंग्रजी वळणाची वेडीवाकडी पाच-सहा अक्षरं. मी मोठं करून पाहिलं, उलटसुलट लावून पाहिलं. माझ्या ओळखीची दहा गावं त्यात बसत होती आणि एकही नक्की बसत नव्हतं. त्या क्षणी मला माझ्या जिल्ह्याची मुलगी असूनही इतकं अपुरं वाटलं की सांगता येत नाही.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती दिवसभर मनात राहिली. १८६७ च्या कायद्यानुसार करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसेल तर पोलीस त्याला भटक्या ठरवून पकडत आणि तुरुंगात धाडत. मळा सोडून रस्त्यावर दिसणं हाच गुन्हा.

"माझे आजोबा सत्तर वर्षांचे होईपर्यंत विनाकारण रस्त्यावर उभे राहिले नाहीत," गुरुजी म्हणाले. "आम्हांलाही उभं राहू देत नसत. चला, चला, म्हणायचे."

संध्याकाळी आम्ही पुन्हा कोदांला आलो. शहरातली दुकानं पाच वाजताच मिटतात, गर्दी सगळी पाण्यावर येते. आता मला तीच जागा वेगळी दिसत होती. कचेरीतून सुटलेले लोक बूट काढून कठड्यावर बसलेले. बुरखा घातलेल्या दोन मुली आइस्क्रीम खात, एक चिनी वळणाचं कुटुंब आजीला चाकाच्या खुर्चीतून फिरवत. कोपऱ्यात चार पोरं रावान वाजवत होती. हे बकऱ्याच्या कातड्याचं चपटं वाद्य, सेगा नाचाचं. गुलामांच्या वस्त्यांतून आलेलं. कोणालाही कुठे जायचं नव्हतं. कोणी कोणाला पास विचारत नव्हतं. रिकामं फिरणं ही केवढी कमाई आहे, हे मला त्या फरसबंदीवर कळलं. गुरुजी मुद्दाम सावकाश चालत होते. दर दहा पावलांवर थांबत, होड्या बघत, पुन्हा चालत.

पाण्याकाठी कॉफी घेतली. सूर्य बंदराच्या तोंडाशी टेकलेला. साखरेच्या पुड्या आल्या, आत तांबूस मोठे दाणे. मी त्यांना आजीचा शब्द सांगितला. गुरुजींनी तो कधीच ऐकला नव्हता. दोनदा म्हणून पाहिला, मग खिशातून वही काढून कोऱ्या पानावर जन्मभराच्या फळ्यावरच्या वळणात मोठ्या अक्षरांत लिहिला: मोरस.

नात वाकून बघत होती. शाळेत ती मराठी शिकते. "की एते सा?" म्हणजे "हे काय आहे?" असं विचारून तिने स्वतःच बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मो. र. स. मग आजोबांकडे पाहून हसली. तिच्या क्रिओलमध्ये तिच्या देशाचं नाव मोरिस आहे. आजोबांकडून एक खूण राहिली, असं तिला वाटलं. तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि 'र'ला जपून पहिली वेलांटी दिली.