नवे इअरबड आणि जुना गैरसमज

पंचाहत्तरी उलटल्यावर कानात काही घालून घरभर वावरण्याची वेळ येईल, असे कधी वाटले नव्हते. दिवाळीत मुलीने बिनतारी इअरबडची जोडी आणून दिली. साबणाच्या वडीहून लहान डबी, आत चिंचोक्यासारखे दोन तुकडे. डावा कोणता नि उजवा कोणता हे सांगणारी अक्षरे इतकी बारीक, की भिंग घ्यावे लागले. पहिल्याच दिवशी एक निसटून पलंगाखाली गेला. गुडघे सांभाळत केरसुणीने ओढून काढला. सोबतच्या रबरी टोप्यांपैकी सर्वांत लहान बसवली, तेव्हा कुठे कान दुखायचा थांबला.

माझ्यापेक्षा पत्नीलाच त्यांचा आनंद अधिक झाला. तिला सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे आणि माझ्या टीव्हीचा मोठा आवाज तिला सोसवत नाही. इअरबड टीव्हीला जोडले आणि कित्येक महिन्यांनी आमची संध्याकाळ शांत गेली.

तिसऱ्या दिवशी हीच शांतता अंगाशी आली. या यंत्रात बाहेरचा गोंगाट दाबण्याची सोय असते. त्यातला सूक्ष्म माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्र त्याच्या उलट लहर निर्माण करून पंख्याची, रस्त्याची घरघर पुसून टाकते. उरलेले काम कानात घट्ट बसलेली टोपी आणि बातम्या करतात. पत्नी मला हाका मारत होती. मान वळवली तेव्हा ती एकटीच उठून, भिंत धरून बाथरूमच्या दारात उभी होती. पडली नाही, हे नशीब. तेव्हापासून ती सोय बंद, आणि एका वेळी एकाच कानात बड.

त्याच आठवड्यात मुलीने सहज एक बड स्वतःच्या कानात घातला आणि दचकून काढला. “बाबा, एवढ्या मोठ्याने ऐकता?” मला तर तो आवाज बेताचाच वाटत होता.

पार्किन्सनमध्ये रुग्णाचा आवाज क्षीण होतो, हे डॉक्टरांनी सांगितले होते आणि ते खरेच आहे. त्याच आधारावर दोन वर्षे मी तिला “जरा जोरात बोल” म्हणून टोकत आलो, कधी चिडूनही. ती बिचारी श्वास गोळा करून तेच वाक्य पुन्हा म्हणे. आपलेही कान तपासावेत, हे मनातसुद्धा आले नाही.

श्रवणतज्ज्ञांनी तपासणी करून आलेख पुढ्यात ठेवला. वयोमानाने उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. स, श, फ, थ निसटतात, म्हणून बोलणे कानी पडते पण उमगत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये विशिष्ट इअरबडमधील श्रवणयंत्राच्या प्रणालीला सौम्य ते मध्यम श्रवणदोषासाठी मान्यता दिली आहे. माझी जोडी त्यांतली नव्हे. मला रीतसर श्रवणयंत्रच लागणार, आणि त्याचे माप देऊन आलो आहे. इअरबडचा आवाज मुलीने फोनमध्येच मर्यादित करून ठेवला आहे. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

घरी येऊन पत्नीला सारे सांगितले. ती काहीतरी पुटपुटली. “जोरात” हा शब्द ओठांवर आला होता. तो गिळला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

“म्हटलं, असंच जवळ बसून ऐकत जा तुम्ही,” ती म्हणाली.