दफ्तर कुणाचे?

निरगुडसरच्या आमच्या घरात दोन दफ्तरे आहेत. एक मुलीचे, शाळेचे. दुसरे दादीचे. सातबाऱ्याचे उतारे, रेशनकार्ड, जन्माचे दाखले ज्या कापडी पिशवीत असतात, तिलाही दादी दफ्तरच म्हणते.

शाळेत परभाषी शब्दांचा धडा झाला, तेव्हा मुलीने विचारले, "दफ्तर फारसी शब्द आहे, म्हणजे परका. मग आपण पण परके का?" प्रश्न लहान होता, पण आम्ही घरातले सगळेच गप्प झालो. नंतर या शब्दाचा माग काढला.

मूळ शब्द ग्रीक: 'दिफ्थेरा', म्हणजे कातडे. पूर्वी लिहायला कातडे वापरत. हेरोडोटस सांगतो, की आयोनियातले ग्रीक लोक पपायरसलाही जुन्या सवयीने कातडेच म्हणत. पुढे हा शब्द फारसी-अरबीत गेला आणि त्याची वही झाली. तुर्कांनी 'देफ्तेर' म्हणत तो पुन्हा युरोपात नेला. बल्गेरियन व सर्बियनमध्ये तो 'तेफ्तेर' झाला. खुद्द ग्रीकांनी तो 'तेफ्तेरी' म्हणून परत घेतला, हिशेबाच्या वहीसाठी!

त्याच कातड्यावरून घटसर्पाचेही नाव पडले. या रोगात घशात चामड्यासारखा पापुद्रा धरतो, म्हणून फ्रेंच डॉक्टर ब्रेतोनो यांनी १८२६ साली दिलेल्या नावातून आजचा 'डिप्थेरिया' आला. बाळांना आपण त्याची लस टोचून घेतो.

फारसीतून शब्द आपल्याकडे आला. उर्दूत त्याची कचेरी झाली, मराठीत कागदपत्रे. पुण्याचे पेशवे दफ्तर सर्वांना ठाऊक आहे. त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी संपादित केले. तिथले मोडी कागद ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल म्हणतात, आणि रुमालही फारसीच. दफ्तरदार हे आडनाव तर अस्सल मराठी घरांत आहे.

शाळेची पाठीवरची पिशवी हा अर्थ मात्र ग्रीकांनी दिला नाही, इराण्यांनीही नाही. तो मराठीने दिला. आम्ही मुलीला एवढेच सांगितले, "शब्द कुठून आला ते वहीत जरूर लिही. पण तो इथे राहिला, इथल्या पोरांच्या पाठीवर वाढला, हेही लिही. आपलेही तसेच आहे, बेटा."

आपल्या घरी कुणी लेकराने असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. एक शब्द घ्या आणि मिळून शोधा.